भाद्रपदातलं पाणी
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कोजागिरी मेळाव्यात केलेलं भाषण)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, पंचवीस वर्षांच्या आठवणींवर दहा-पंधरा मिनिटं बोला. आकडेवारी मात्र नको, ती अहवालात आहेच." आता ज्या माणसाची पस्तीस वर्षं बँकेत आकडे लिहिण्यात गेली त्याला आकडे नको म्हणायचं, म्हणजे सुताराला रंधा घरी ठेवून ये म्हटल्यासारखं झालं. तेव्हा एक-दोन आकडे येतील, ते सोसा.

मी आज मासे धरण्यावर बोलणार आहे. आपल्यातल्या माळकरी सभासदांची आधीच माफी मागतो. पण शेवटी मी सोसायटीवरच येणार आहे, तेव्हा कुणी उठून जाऊ नये. दूध अजून आटतंय, ते तसंही मिळणार नाही.

मला गळ टाकायला शिकवलं माझ्या थोरल्या मामांनी. ही साठ-बासष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट. मामांची शेती सिद्धनेर्लीच्या बाजूला, दूधगंगेच्या काठाला लागून. त्या वेळी काळम्मावाडीचं धरण नव्हतं. पावसाळ्यात नदी दोन्ही काठ धरून जायची आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत राहायची. मामा वर्षभर नदीवर जात नसत. त्यांचा हंगाम ठरलेला. गौरी-गणपती गेले की चिव्याची काठी आढ्यावरनं खाली यायची, आणि दिवाळीच्या फराळाचा वास सुटला की परत आढ्यावर जायची. एवढाच महिना-सव्वा महिना.

मी विचारलं होतं, "मामा, पावसाळ्यात का न्हाई टाकायचा गळ? तवा तर पाणी मोप असतंय."

मामा म्हणाले, "पाणी मोप असतंय, पर मासा कुठं हाय ते त्यालाबी ठावं नसतंय."

नंतर वाचलं, विचार केला, तेव्हा कळलं की मामांनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. मृग लागला, पहिलं गढूळ पाणी आलं, की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. ओढ्यात, नाल्यात, भाताच्या खाचरातसुद्धा जातात, तिथं अंडी घालतात. आषाढ-श्रावणात पाणी इतकं पसरलेलं आणि इतकं लाल असतं की माशाला तुमचं गांडूळ दिसत नाही आणि तुम्हाला मासा सापडत नाही. भाद्रपदात पाणी उतरायला लागतं. पसरलेले मासे पुन्हा नदीच्या पात्रात येतात. अंडी घालून पोट रिकामं झालेलं असतं, पुढं थंडी असते. त्यामुळं मिळेल ते खायचं, एवढंच त्यांना ठाऊक असतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेवी गोळा करण्याचे दिवस.

हा सांधा मामा पंचांगाने ओळखत नसत. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि खाली बघायचं. पाय दिसला नाही तर घरी जायचं. पाय दिसला पण नखं दिसली नाहीत, तर तो दिवस सोन्याचा, सकाळपासून बसायचं. नखं स्वच्छ दिसायला लागली की दुपारी बसण्यात अर्थ नाही, कारण जसं तुम्हाला दिसतं तसं माशालाही तुम्ही दिसता. मग फक्त तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला.

दुसरी खूण वाऱ्याची. पावसाळाभर वारा पश्चिमेकडून येतो. तो एके दिवशी पडतो. दुपारी अंग भाजतं, पहाटे गवतावर दव असतं, पाण्यावर चतुर घिरट्या घालतात आणि संध्याकाळी पूर्वेला काळं भरून येतं. हा परतीचा पाऊस. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या तारखांप्रमाणे मॉन्सून १७ सप्टेंबरला राजस्थानातून परत फिरतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून जातो. आपल्याकडे उत्तरा, हस्त आणि चित्रा ही नक्षत्रं त्यातच येतात. तो हत्तीचा पाऊस कोसळायच्या आधीचा तासभर, जेव्हा हवा कोंदलेली असते, तेव्हा मासे वेड्यासारखे गळाला लागत. पाऊस पडून गेल्यावर मामा जागा बदलायचे. ओढा जिथं नदीला मिळतो तिथं जाऊन बसायचे. कारण त्या पाण्याबरोबर शेतातले किडे आणि गांडुळं वाहून येतात, आणि मासे तोंड उघडून तिथं उभे असतात.

सामान काय म्हणाल तर चिव्याची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, गळ, आणि ज्वारीच्या धाटातल्या भेंडाचा तरंगता तुकडा. वाम पाहिजे असेल तर दगडाच्या कपारीजवळ गांडूळ, तेही अंधार पडताना. शिंगाळ्याला तळाशी. रोहू-मृगळाला कणीक आणि भुईमुगाची पेंड मळून केलेली गोळी. आणि मरळीला जिवंत बेडकी.

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या कृष्णा खोऱ्यातले मूळचे नव्हेत, ते गंगेकडचे. बँकेत असताना एका मच्छीमार सोसायटीच्या कर्जाच्या निमित्ताने मी हा विषय समजून घेतला. ओडिशात हिरालाल चौधुरी नावाच्या शास्त्रज्ञांनी १९५७ साली १० जुलैला या माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन साठलेल्या पाण्यात अंडी घालायला लावली. त्यानंतर मत्स्यबीज देशभर तलावांत सोडता यायला लागलं. बोटाएवढं पिल्लू झालं की त्याला बोटुकली म्हणतात. पावसाळ्यात तलावात सोडलेल्या बोटुकलीचा हिशोब तारण म्हणून कसा धरायचा, यावर आमच्या साहेबांनी माझी फाइल तीनदा परत पाठवली होती. शेरा होता, "तारण दिसत नाही." मी लिहिलं, "पाण्याखाली आहे." असो.

पण मामांचा खरा मासा म्हणजे मरळ. लांबट, काळपट, डोकं सापासारखं. ही मासळी इतरांपेक्षा वेगळी. तिला कल्ल्यांबरोबर हवा घ्यायचीही सोय आहे. दर थोड्या वेळाने वर येते, एक घोट हवा घेते, खाली जाते. म्हणून ती डबक्यात, चिखलात, घाण पाण्यातसुद्धा टिकते. तेलंगणाने तिला राज्याचा मासा केलं आहे. आणि ती पिल्लांची राखण करते. पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला काठाच्या शांत पाण्यात कधी कधी तांबूस पिल्लांचा एक गोळा पाण्यावर हलताना दिसतो, शेकड्यांनी. तो गोळा वर येतो, फुटतो, परत जमतो. त्याच्या खाली हातभरावर आई-बाप असतात.

मामांचा एकच नियम होता, आणि तो सगळ्या भाच्यांना तोंडपाठ होता. गोळा दिसला की काठी उचलायची आणि पुढं चालू लागायचं.

मी तेरा वर्षांचा असताना तो नियम मोडला. पितृपक्ष होता. मामा घरी कामात होते. नदीच्या कडेच्या एका डबक्यात मला असा गोळा दिसला. मला पक्कं माहीत होतं की खाली मोठी मरळ आहे, आणि हेही माहीत होतं की ती बेडकीवर येणारच. भुकेने नव्हे, बेडकी पिल्लांजवळ आली म्हणून. मी बेडकी बरोबर त्या गोळ्यावर सोडली. पाणी फुटलं, काठी वाकली. हातभर मरळ निघाली. मी ती डोक्यावरून नाचवत घरी आणली.

मामांनी विचारलं, "कुठं घावली?"

मी जागा सांगितली. मामांनी पायात वहाणा घातल्या आणि मला घेऊन परत त्या डबक्यावर गेले. आम्ही काठावर बसलो. गोळा विस्कटला होता. जोडीची दुसरी मरळ दिसली नाही. पाण्यात इकडून तिकडून रेघा उठत होत्या, चिलटं टिपावीत तशी पिल्लं टिपली जात होती. एक दिवड कडेने सरकत आलं. मामा काही बोलले नाहीत. अंधार पडेपर्यंत मला तिथंच बसवून ठेवलं. उठताना एवढंच म्हणाले, "एक मासा न्हाई मारलास, भाच्या. मोजता येत असतील तर मोज."

मला त्या दिवशी मोजता आले नाहीत. पुढं सगळं आयुष्य मोजण्यात गेलं.

आता जरा अमेरिकेत जाऊन येऊ. धाकटा मुलगा ओहायो राज्यात असतो. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही उभयता तिकडं गेलो होतो, तेव्हा सप्टेंबरात त्याने मला एका तलावावर नेलं. तिथं बास नावाचा मासा आहे. त्या माशापायी लोक वेडे असतात. १९३२ साली जॉर्जियात एकाने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोच्या वरचा बास धरला. त्या विक्रमाला तोडीस तोड मासा २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात सापडला. मधली सत्त्याहत्तर वर्षं लोक नुसते प्रयत्न करत होते.

मुलगा सांगत होता, "बाबा, हाच सीझन. उन्हाळा संपतोय, रात्री गार पडतंय. लहान मासे खोल पाण्यातून ओढ्यांच्या तोंडाशी येतात, आणि बास त्यांच्या मागं." मी मनात म्हटलं, हे तर मामाच बोलतायत, फक्त पँट घालून. आमिष होतं रबराचं बेडूक. दोन बास मिळाले. मुलाने ते मोजले, फोटो काढला आणि पाण्यात सोडून दिले. मला आधी हसू आलं. मग त्याने सांगितलं की बासचा नर घरट्याची आणि पिल्लांची राखण करतो. मी गप्प झालो. मुलाला मी ती तेरा वर्षांची गोष्ट कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली.

बरं, परत कागलला.

आपल्या भागात ऋतू बदलल्याची आणखी एक खूण आहे, ती बंधाऱ्याची. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे सगळ्या राज्यात गेले, पण नाव आपलं राहिलं. बाचणी, सुळकूड असे बंधारे तुम्ही पाहिलेत. पावसाळ्यात ते उघडे, नदी आरपार जाते. परतीचा पाऊस संपला की ऑक्टोबरात बरगे घालतात. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळी आणि मध्ये माती, आता लोखंडी बरगे. बरगे पडले की दोन-चार दिवसांत वाहतं पाणी उभं राहतं. गळवाल्याच्या दृष्टीने त्या दिवशी नदीचा तलाव होतो. तरुणांना एक सांगतो, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मासे जमतात खरे, पण तिथं शेवाळावर उभं राहू नका. मासा उद्याही मिळेल.

उभ्या पाण्याचं एक शास्त्र आहे, ते मला पुढच्या गोष्टीसाठी सांगावं लागेल. पाण्यात विरघळलेला प्राणवायू माशाला लागतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तीस अंशाला साडेसात. म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात पाणी तापलं की साठाच कमी. वाहतं पाणी दगडावर आपटून हवा घेतं, उभं पाणी घेत नाही. त्यात मैला पडला तर तो कुजताना उरलेला प्राणवायू खातो. रात्री शेवाळही प्राणवायू घेतं. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो. एका रात्रीत कुणी विष घातलं असं वाटतं. पुष्कळदा आधीपासूनच साठलेलं असतं, हवा बदलते तेव्हा फक्त उघड होतं.

आता सोसायटीवर येतो.

आपल्या मागच्या कंपाउंडच्या पलीकडे जो ओढा आहे, त्याला आता सगळे गटार म्हणतात. नव्या सभासदांना खरं वाटणार नाही, पण आपण प्लॉट घेतले तेव्हा त्या ओढ्यात दिवाळीपर्यंत पाणी वाहायचं आणि त्यात मासे होते. मी स्वतः तिथं शिंगाळे धरलेत. पहिल्या वर्षी भाद्रपदात संध्याकाळी तीन-चार सभासद काठ्या घेऊन बसायचो. त्यातले दोघं आज नाहीत. सोसायटीतल्या निम्म्या ओळखी त्या काठावर झाल्या.

पहिल्या संचालक मंडळात मी खजिनदार होतो. सांडपाण्यासाठी ठेकेदाराने दोन एस्टिमेट दिली. एकात सेफ्टी टँकनंतर शोषखड्डे होते. दुसऱ्यात टँकचं वरचं पाणी पाइपने सरळ ओढ्यात. फरक सभासदामागे अडीच हजारांचा. लोकांचे हप्ते चालू होते, कुणाचं स्लॅबचं काम अडलं होतं. तेव्हा अडीच हजार मोठे होते. सभेत एका ज्येष्ठ सभासदाने विचारलं, "ओढ्याचं काय?" मी उभा राहिलो. बँकेत कर्ज नामंजूर करताना जो आवाज काढायचो, त्या आवाजात म्हणालो, "ओढा वाहता आहे. वाहतं पाणी घाण धरत नाही." ठराव एकमताने मंजूर झाला.

पहिला पावसाळा काही कळलं नाही. ओढा खरंच वाहत होता. दसरा झाला, परतीचा पाऊस थांबला, ऊन कडक पडलं. कोजागिरीच्या आधी एके पहाटे फिरायला निघालो तर वास आला. ओढ्यावर गेलो. पाणी उभं होतं, वर साय धरलेली, आणि कडेला पांढऱ्या पोटांची रांग. शिंगाळे, चिलापी, बोटाएवढी पिल्लं. मी काठावर उभा राहिलो. मला मामांचं डबकं आठवलं. या खेपेला मोजता येत होते. मी मोजले नाहीत.

पुढच्या सभेत विषय निघाला. इतिवृत्त त्या दिवशी मीच लिहीत होतो. सेक्रेटरींनी जुनं रजिस्टर परवा मला काढून दिलं, तेव्हा ते वाक्य माझ्याच अक्षरात पुन्हा वाचलं. "हवा बदलल्यामुळे ओढ्यातील मासे मेल्याचे दिसून आले. सभेने नोंद घेतली."

वाक्य खोटं नाही. हवा बदललीच होती. पण तेवढ्या अर्ध्या खऱ्यावर मी चोवीस वर्षं काढली. हवा दर वर्षी बदलते. मामांच्या वेळी बदलायची तेव्हा मासे गळाला लागायचे. आमच्या वेळी बदलली तेव्हा मेले. मधला फरक हवेचा नव्हता, आमच्या पाइपचा होता. ठराव सगळ्यांचा होता, पण "वाहतं पाणी घाण धरत नाही" हे वाक्य माझं होतं, आणि ते मी पूर्ण माहिती असताना म्हटलं. ओढा आश्विनात उभा राहतो, हे त्या सभेत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे आज सांगायचं कारण मागच्या वर्षी घडलं. भाद्रपदातच. बी विंगमधली तीन-चार पोरं कंपाउंडवर चढून ओढ्यात बघत होती. मला हाक मारली, "आजोबा, पाण्यात काय तरी लाल लाल हलतंय." मी चष्मा पुसून बघितलं. तांबूस पिल्लांचा गोळा. त्या पाण्यात! थोड्या वेळाने शेजारी पाणी हललं, काळपट डोकं वर आलं, एक घोट हवा घेतली आणि खाली गेलं.

बाकी सगळी मासळी गेली. मरळ राहिली, कारण तिला आपल्या पाण्याच्या भरवशावर राहावं लागत नाही, ती वरची हवा घेते. त्यातल्या एका पोराच्या हातात काठी होती. मी त्याला म्हटलं, "ठेव ती." त्याने विचारलं, का. मग तिथंच कंपाउंडला टेकून मी त्यांना मामांचा नियम सांगितला, आणि तो मोडल्याची गोष्टही. पोरं रोज संध्याकाळी बघायला जायला लागली. गोळा तीन आठवडे टिकला. मग पिल्लं मोठी झाली, पांगली.

तर सभासदहो, मला सत्कार करायचा म्हणून ही शाल दिलीत, आनंदाने घेतली. माझी एक विनंती घ्या. येत्या सर्वसाधारण सभेत शोषखड्ड्यांचा विषय पुन्हा ठेवा. आता खर्च अडीच हजारांत होणार नाही, हे मला कळतं. एस्टिमेट मी मागवलं आहे, आणि फाइल आज सेक्रेटरींकडे देतो. माझ्या वाट्याची रक्कम चेकने फाइलला जोडली आहे. चोवीस वर्षांचं व्याज धरलेलं नाही, ते धरलं असतं तर घर विकावं लागलं असतं. ओढा लगेच स्वच्छ होईल असं नाही, वरच्या अंगालाही वस्ती वाढली आहे. पण आपला पाइप बंद करणं आपल्या हातात आहे. इतिवृत्तात या वेळी पूर्ण वाक्य लिहावं, एवढीच माझी इच्छा.

आणि कुणाला गळ शिकायचा असेल तर रविवारी पहाटे साडेपाचला गेटवर या. दूधगंगेवर जाऊ. गुडघाभर पाण्यात उभं राहून आधी नखं बघू, मग ठरवू. काठ्या माझ्याकडे चार आहेत.

दूध आटलेलं दिसतंय. मी थांबतो. सगळ्यांना कोजागिरीच्या शुभेच्छा.